घड्याळ बिघडलेले उंदीर आणि तुमचा लाल अक्षरांतला रिपोर्ट

ताई,
मी ३४ वर्षांची आहे. गेली चार वर्षं रात्रपाळी करते. महिन्यातले साधारण पंधरा दिवस रात्री दहा ते सकाळी सहा, बाकी दिवस इतरांसारखे. या चार वर्षांत वजन ९ किलोंनी वाढलं आणि मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.० आलं. भावाने हौसेने डीएनए टेस्ट भेट दिली. तिच्या रिपोर्टात लाल अक्षरांत आलंय : 'क्लॉक जनुक, ३१११ टी/सी बदल आढळला. लठ्ठपणाची शक्यता जास्त.' मी शोधाशोध केली तर कळलं की हे जनुक बिघडलेले उंदीर लठ्ठ झाले, त्यांची शुगरही वाढली. तेव्हापासून हातपाय गळालेत. जनुकातच असेल तर चालून आणि खाणं सांभाळून काय उपयोग? सोबत काम करणारी मैत्रीण म्हणते, "नशिबात आहे ते चुकणार नाही, सोड नाद." माझा नऊ वर्षांचा मुलगाही रात्री लवकर झोपत नाही. त्याचीही टेस्ट करून घेऊ का?
– रात्रपाळीतली एक वाचक

तुमचं पत्र वाचून आधी ते उंदीरच डोळ्यांपुढे आले. सदर लिहायला लागण्यापूर्वी मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत त्यांच्या संगतीत काढली आहेत, त्यामुळे माणसांपेक्षा त्यांच्या खोड्या मला जास्त ठाऊक आहेत. उत्तर थोडं लांबेल. पण तुम्ही ज्या बातमीने हबकलात ती मुळापासून सांगितल्याशिवाय तुमची भीती जाणार नाही.

बातमी खोटी नाही, ती अर्ध्यावर थांबलेली आहे.

ज्या उंदरांबद्दल तुम्ही वाचलंत त्यांचा मूळपुरुष अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोसेफ ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेत सापडला. पद्धत अगदी धोपटमार्गाची होती. नर उंदरांना जनुकांत कुठेही बदल घडवणारं एक रसायन टोचायचं, त्यांची पिल्लं मोठी झाली की प्रत्येकाला पिंजऱ्यात पळायचं चाक द्यायचं, खोलीत पूर्ण अंधार करायचा आणि कोण किती वाजता पळायला लागतं याची रोज नोंद ठेवायची. धडधाकट उंदराचा आतला दिवस २४ तासांपेक्षा किंचित लहान असतो. त्यामुळे अंधारात तो रोज थोडा लवकर चाकावर चढतो. सुमारे तीनशे पिल्लं तपासल्यावर एक असा निघाला की त्याचा दिवस जवळजवळ २५ तासांचा होता. त्याच्या वंशात ज्यांना आई आणि बाप दोघांकडूनही हा दोष मिळाला, त्यांचा दिवस २७-२८ तासांवर गेला आणि अंधारात थोडे दिवस काढल्यावर त्यांचा तालच सुटला. झोप केव्हाही, पळणं केव्हाही. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे १९९७ मध्ये ते जनुक नेमकं हाती लागलं. 'क्लॉक' हे नाव एका लांबलचक इंग्रजी वर्णनाची आद्याक्षरं जुळवून केलंय आणि त्यातलं शेवटचं अक्षर 'कापुट' या शब्दाचं आहे, म्हणजे मोडलेलं, निकामी. बिचाऱ्या जनुकाचं बारसं त्याच्या दोषावरूनच झालं.

हे जनुक करतं काय? त्यातून तयार होणारं क्लॉक नावाचं प्रथिन बीमॅल-१ नावाच्या जोडीदारासोबत काम करतं. दोघं मिळून इतर अनेक जनुकांना कामाला लावतात. त्यांत पीरियड आणि क्रिप्टोक्रोम हीसुद्धा असतात. या दोघांची प्रथिनं साचत जातात आणि पुरेशी साचली की उलट येऊन क्लॉक-बीमॅलचंच काम थांबवतात. मग ती हळूहळू विरतात, अडथळा दूर होतो आणि नवा फेरा सुरू होतो. स्वतःला थोपवणारे आपणच घडवायचे, असा हा खेळ आहे आणि त्याच्या एका फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. उजेड बघून तो हे घड्याळ रोज जुळवून घेतो. पण घड्याळ एकट्या मेंदूत नसतं. यकृतात आहे, स्वादुपिंडात आहे, स्नायूंत आणि चरबीतही आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याभोवतीच फिरतं.

आता लठ्ठ उंदरांकडे येऊ. २००५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या फ्रेड टुरेक आणि जोसेफ बास यांच्या गटाने या क्लॉक-दोषी उंदरांचं खाणं-पिणं मोजलं. ते जास्त खात होते, त्यांचं वजन वाढलं, रक्तातली चरबी आणि साखर वाढली, यकृतात मेद साठला. तुम्ही वाचलंत ते इथपर्यंत. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, ती मथळ्यात आली नाही. उंदीर निशाचर प्राणी, तो बहुतेक खाणं रात्री उरकतो आणि दिवसा झोपतो. या दोषी उंदरांची ती घडीच विस्कटली होती. त्यांचं जवळजवळ निम्मं खाणं दिवसा, म्हणजे झोपेच्या वेळेत चाललं होतं. तेव्हा प्रश्न उरतो : उंदीर जनुकामुळे फुगले, की भलत्या वेळी खाल्ल्यामुळे?

थोडं थोडं दोन्ही खरं आहे. आधी जनुकाची बाजू ऐका. बास यांच्याच गटाने २०१० मध्ये उंदरांच्या फक्त स्वादुपिंडातलं बीमॅल-१चं, म्हणजे क्लॉकच्या त्या जोडीदाराचं, जनुक काढून टाकलं. मेंदूतलं घड्याळ शाबूत, झोपणं-पळणं-खाणं सगळं वेळच्या वेळी, तरी त्यांना मधुमेह झाला, कारण इन्शुलिन सोडणाऱ्या पेशींना साखर वाढल्यावर पुरेसं इन्शुलिन सोडता येईना. आणि तेच बीमॅल-१ दुसऱ्या एका गटाने २००८ मध्ये फक्त यकृतातून काढलं, तेव्हा काय झालं? उंदीर खात नसायचे त्या तासांत त्यांची साखर खाली जायला लागली. जनुक एकच. एका अवयवात गेलं तर साखर चढते, दुसऱ्यात गेलं तर उतरते. 'लठ्ठपणाचं जनुक' वगैरे शब्द वापरणाऱ्यांना हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत असं मला फार वाटतं.

पुढची गंमत अशी की तोच क्लॉकचा दोष २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या वेगळ्या वाणात तपासला. त्या उंदरांना भरपूर चरबीचं खाणं दिलं, तर दोष असलेल्यांचं वजन निरोगी उंदरांपेक्षा कमी वाढलं! त्यांच्या आतड्यात चरबी नीट शोषलीच जात नव्हती. आणि आणखी एका गटाने क्लॉक जनुक समूळ काढून टाकलं, तर ते उंदीर अंधारातही बऱ्यापैकी तालात पळत राहिले, कारण त्याच्या जागी एक भाऊबंद जनुक उभं राहिलं. म्हणजे जनुक मुळीच नसणं परवडलं, बिघडलेलं असणं वाईट. ज्यांनी कचेरीत दिवस काढलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. रजेवर गेलेल्याचं काम दुसरा कुणीतरी ओढून नेतो. खुर्ची अडवून नुसता बसून राहणाऱ्यापुढे मात्र सगळे हतबल असतात.

आता तुमचा रिपोर्ट. उंदरातल्या त्या दोषामुळे क्लॉक प्रथिनाचा ५१ अमिनो आम्लांचा एक अख्खा तुकडाच गळून पडला होता. तुमच्या रिपोर्टातला '३१११ टी/सी' म्हणजे एका ठिकाणी एका अक्षराचा फरक. तोही प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा मजकूर संपल्यानंतरच्या भागात. तुमचं क्लॉक प्रथिन त्यामुळे बदलत नाही. हा फरक असंख्य लोकांत असतो. काही अभ्यासांत त्याचा वजनाशी किंवा उशिरा झोपण्याशी थोडासा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा उपटणं आणि त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीत एक अक्षर वेगळं छापलेलं असणं, इतकं अंतर या दोन गोष्टींत आहे. लाल शाई कुणी निवडली कोण जाणे. रिपोर्ट घडी घालून ठेवून द्या, आणि त्याच कंपनीचा पुढचा 'सविस्तर' रिपोर्ट घ्यायचा मोह झाला तर आवरा.

मग वजन का वाढलं? इथे पुन्हा उंदीर, पण या वेळी जनुकं धडधाकट असलेले.

२००९ मध्ये टुरेक यांच्या गटाने साध्या, निरोगी उंदरांना चरबीयुक्त खाणं दिलं. काहींना फक्त रात्री, काहींना फक्त दिवसा. खाल्लेल्या उष्मांकांत आणि हालचालीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सहा आठवड्यांनी रात्री खाणाऱ्यांचं वजन सुमारे २० टक्क्यांनी वाढलेलं होतं, दिवसा खाणाऱ्यांचं ४८ टक्क्यांनी. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने हीच गोष्ट उलट बाजूने करून बघितली. तेच चरबीचं खाणं, तेवढेच उष्मांक, पण ताटली रात्रीच्या आठ तासांतच पुढे. दिवसरात्र हवं तेव्हा खाणारे उंदीर फुगले, आठ तासांत खाणारे बरेचसे वाचले.

आणि ज्यासाठी हे सगळं सांगतेय ते आता. २०१९ मध्ये याच प्रयोगशाळेने घड्याळ खरोखर मोडलेले उंदीर घेतले. काहींत दोन्ही क्रिप्टोक्रोम काढलेले, काहींत यकृतातलं बीमॅल-१ गेलेलं. त्यांना चरबीचं खाणं केव्हाही खाऊ दिलं तर ते लठ्ठ झाले, साखर-चरबी बिघडली, अगदी तुमच्या बातमीतल्यासारखं. पण तेच खाणं रोज ठरावीक नऊ-दहा तासांतच दिलं तेव्हा ही दुखणी बहुतांशी टळली. ज्यांना आतून वेळ कळत नव्हती त्यांना ती बाहेरून, ताटलीच्या वेळेने कळली. तुमच्या मैत्रिणीला सांगा, ज्या उंदरांचं नशीब खरोखरच जनुकात मोडलं होतं, त्यांनासुद्धा 'सोड नाद' लागू पडलं नाही.

पण थांबा. उंदरांवर जीव असूनही मला त्यांच्याबद्दल खरं सांगायला हवं. ते निशाचर, आपण दिनचर. म्हणजे त्यांचं दिवसा खाणं हे आपलं रात्री खाणं. रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचं वजन दहा टक्के किंवा त्याहूनही जास्त घटतं, तेव्हा त्याचे सोळा तासांचे उपास आपल्या सोळा तासांसारखे धरता येत नाहीत. या संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर तर मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक जवळजवळ तयारच करत नाही, ते बनवायला लागणारं जनुक त्याच्यात आधीपासूनच दोषी आहे. आणि माणसांवर हा प्रयोग झाला तेव्हा निकाल इतका चमकदार आला नाही. २०२२ मध्ये चीनमधल्या १३९ स्थूल लोकांना वर्षभर सारखेच कमी उष्मांक दिले, निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायला सांगितलं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, वेळेच्या बंधनाने त्यात ठोस फरक पडला नाही. तेव्हा 'आठ तासांत खा आणि बारीक व्हा' असं कुणी विकत असेल तर तुम्ही पुढे चला.

मात्र ते लोक रात्रपाळीवाले नव्हते. तुमच्यासाठी दुसरा एक प्रयोग जास्त मोलाचा आहे. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या फ्रँक शीर यांच्या गटाने २०२१ मध्ये १९ निरोगी तरुण मंडळींना प्रयोगशाळेत ठेवून कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. एका गटाने रात्रीही जेवायचं, जसं रात्रपाळीत होतं. दुसऱ्याने पाळी रात्रीची करायची, पण जेवण दिवसाच्याच वेळेत. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. माणसं थोडी होती, दिवसही थोडे. तरी ही तुमचीच परिस्थिती आहे, आणि यात कुणाच्याही जनुकाला हात लावलेला नव्हता.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. मुख्य जेवणं दिवसाउजेडी आणि पाळीला निघण्यापूर्वी संध्याकाळी. मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळात शक्य तितकं पाण्यावर भागवायचं, नाहीच राहवलं तर अगदी थोडं आणि गोड नसलेलं. सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोप. रात्रपाळी नसलेल्या दिवसांतही जेवणाच्या वेळा फार हलवायच्या नाहीत. माझ्या मते हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही, कारण तुमची झोप महिन्यातून काही वेळा उलटीपालटी होणारच आहे, निदान पोटाला तरी एक वेळ माहीत असावी. पहिले काही दिवस रात्री तीनच्या सुमाराला भूक खवळेल. तिच्याशी भांडत बसू नका, त्या वेळी उठून चार पावलं टाका.

उजेडाचं एक. अंधाऱ्या खोलीतल्या उंदरांना बघायला आम्ही मंद लाल दिवा घेऊन जायचो, कारण लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. एकदा मी घाईत साधा दिवा लावला. दहा मिनिटंसुद्धा नसतील. दुसऱ्या दिवशी खोलीतल्या निम्म्या उंदरांची पळायची वेळ सरकलेली, तीन आठवड्यांच्या नोंदी वाया, आणि त्या दिवशी वरिष्ठांपुढे माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही सकाळी घरी येता तेव्हा लख्ख उजेड डोळ्यांत घेऊन येता. येताना गडद चष्मा (स्वतः गाडी चालवत नसाल तरच), आणि झोपायच्या खोलीत जाड पडदे. एवढं करून बघा.

आणि हे सगळं डॉक्टरांना सोडून नाही. ६.० म्हणजे मधुमेह नव्हे, मधुमेहाच्या अलीकडची पायरी, ५.७ ते ६.४ मधली. या पायरीवरून मागे येता येतं, आणि त्याचा पुरावा उंदरांवर अवलंबून नाही. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन सात टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढं उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. पुढे त्याच लोकांची जनुकं तपासली. टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातला एक बदल मधुमेहाची शक्यता खरोखर वाढवतो, तुमच्या ३१११ पेक्षा कितीतरी भक्कम पुराव्याने. तो बदल असलेले जे लोक चालले आणि ज्यांनी वजन उतरवलं, त्यांच्यात ही जास्तीची जोखीम दिसली नाही. 'चालून काय उपयोग?' या तुमच्या प्रश्नाला मी याहून सरळ उत्तर देऊ शकत नाही. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. साखर कमी करणारी गोळी सुरू झाली असेल किंवा झाली, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, रिकाम्या पोटी साखर खाली जाऊ शकते. आणि पाळ्या सलग लावून मिळतील का, की मध्येच एक-दोन रात्री टाकून देतात, हे कामावर एकदा विचारून बघा.

राहिला मुलगा. माणसांतही घड्याळाची खरी उत्परिवर्तनं सापडली आहेत. २००१ मध्ये एका कुटुंबात पीरियड-२ जनुकातला एक दोष सापडला, त्यातले लोक संध्याकाळी साडेसातला पेंगायचे आणि पहाटे साडेचारला टक्क जागे. २०१७ मध्ये क्रिप्टोक्रोम-१ मधला एक बदल सापडला, त्याने झोप उशिरा येते. पण नऊ वर्षांच्या मुलाला लवकर झोप येत नाही याची पहिली कारणं जनुकात शोधू नयेत. टेस्ट करू नका. त्याऐवजी शाळा नसलेल्या दोन आठवड्यांत त्याला हाक न मारता तो आपणहून किती वाजता झोपतो आणि किती वाजता उठतो, ते एका वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात झोपायच्या आधीच्या तासात हातात मोबाइल होता की नव्हता तेही. आणि तिसरा रकाना करा, त्या रात्री तुम्ही घरी होता की कामावर.